वायपरची दांडी

बिघाड मोठा निघू दे, असं ती जीव मुठीत धरून म्हणत होती. आयुष्यात पहिल्यांदाच.

एरवी बाईचं गणित उलटं. कपडे शिवायच्या कारखान्यात साठ मशिनं तिच्या ताब्यात. एखादं अडलं की बायका हातातलं काम टाकून ओरडायच्या, "डॉक्टरीणबाईंना बोलवा गं!" की ही पाना-पक्कड घेऊन हजर. मशीन उघडलं आणि आत नुसता दोऱ्याचा गुंता निघाला की ती खूश, आणि एखादा दात झिजलेला निघाला की दिवसभर कपाळाला आठ्या. पण त्या रविवारी सकाळी ती नवऱ्याच्या व्हॅनपुढं स्टूल टाकून उभी होती, आणि मनातल्या मनात हात जोडून म्हणत होती, देवा, ही वायपरची दांडी पार कामातून गेलेली असू दे. नुसती सैल नको. पार गेलेली.

कारण दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर वायपर काच नीट पुसत नव्हता, नाहीतर नवऱ्याला नीट दिसत नव्हतं. तिसरी काही असती तर तिनं केव्हाच शोधून काढली असती, एवढं डोकं तिला होतं.

आणि नवरा करायचा काय, तर शाळेच्या मुलांची ने-आण. अकरा पोरं, सकाळी सातला न्यायची, दुपारी एकला आणायची. सगळी त्याला व्हॅनकाका म्हणायची. घरी कुणी पाहुणा आला की त्याच्यापुढं चहा यायच्या आत व्हॅनकाकाचं सांगून झालेलं असायचं, की बावीस वर्षांत एकाही पोराला साधं खरचटलेलं नाही. पाहुणा दुसऱ्यांदा आला तर दुसऱ्यांदा ऐकायचा.

आठ महिन्यांपूर्वी तो म्हणाला, स्वयंपाकघरातला दिवा मंद झालाय. तिनं दिवा बदलला. महिन्याभरानं तो म्हणाला, हाही मंदच निघाला, हल्ली काही धड बनवत नाहीत. तिनं तोही बदलला, आणि मग तिसरा. मग चष्म्याची काडी वाकडी झाली म्हणून कडेचं तिरपं दिसतं, असं निघालं. तिनं बारीक पेचकस घेऊन काडी सरळ केली. मग पेपरवाले शाईत काटकसर करायला लागले. आता शाई काही तिला दुरुस्त करता येईना, तेव्हा तिनं चहाच्या वेळी पेपर मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, "माझं वाचन सुटलंय हो, जरा सवय राहू दे," असं म्हणत.

आता हिला काय म्हणावं? चालू मशीनच्या पोटात हात घालणारी बाई, पण नवऱ्याला एक साधा प्रश्न विचारायची तिची छाती होत नव्हती. अहो, तुम्हाला नीट दिसतंय ना? एवढाच तर प्रश्न! पण विचारला की उत्तर येणार. उत्तर 'नाही' आलं की व्हॅन जाणार, आणि व्हॅन गेली की हा माणूस सकाळी सहाला उठून करणार काय? पोरांच्या आवाजाशिवाय तो चार दिवससुद्धा नीट जेवत नाही, हे ती दर मोठ्या सुट्टीत बघत होती. म्हणून तो जे जे बिघडलंय म्हणायचा ते ते ती मुकाट दुरुस्त करत गेली.

शुक्रवारी दुपारी तो व्हॅन लावून आत आला, पाय पुसत म्हणाला, "अगं, त्या वायपरच्या दांडीत काही दम राहिला नाही. वायपर कडेचं पाणी तसंच सोडतो. रविवारी बघतेस का जरा?"

आठवडाभर रोज पाऊस भुरभुरत होता, हे खरं. व्हॅनला चौदा वर्षं झाली होती, हेही खरं. त्या जुन्या मॉडेलची दांडी दुकानात मागवली तर यायला दोन आठवडे. म्हणजे घरीच करायला हवी, त्यातही खोटं काही नव्हतं. "बघते की," ती म्हणाली. पण शनिवारभर तिच्या हातून कारखान्यात दोन सुया मोडल्या आणि बायका म्हणाल्या, आज डॉक्टरीणबाईंनाच औषध द्यायची वेळ आली.

तर आता ती स्टुलावर उभी होती. काचेवर तिनं जुना जाड टॉवेल दुमडून ठेवला होता. वायपरची दांडी उचलली आणि हातातून निसटली की स्प्रिंगच्या जोरानं फाडकन काचेवर येते आणि काचेला तडा जातो. तिनं रबरपट्टी काढली, दांडी दोन बोटांत धरून हलवली. दांडी खडखडली. बिजागरीत चांगली बोटभर हालत होती.

"अगं बाई, किती झिजलंय हे!" ती मोठ्यानं म्हणाली आणि हसलीच.

"झिजलंय ना? मी सांगत होतो," आतून नवऱ्याचा आवाज आला. तो खिडकीशी रेडिओ लावून बसला होता, पण रेडिओ इतका हळू की तो तिचंच ऐकत होता हे उघड होतं.

एवढ्यात समोरच्या घरातल्या आजी पायरीवर येऊन टेकल्या. या आजींची नात चिमणी, वय वर्षं सात, व्हॅनमध्ये काकांच्या अगदी मागच्या सीटवर बसायची. ती जागा तिनं भांडून मिळवली होती.

"चाललंय का काम?" आजी म्हणाल्या. "नीट करा हो बाई. मंगळवारी म्हणे थोडक्यात वाचली ती."

"कोण वाचली?"

"घ्या! तुम्हाला माहीतच नाही? छत्रीवाली एक बाई. बेकरीच्या वळणावर, रस्ता ओलांडत होती. चिमणी म्हणाली, आम्ही सगळी ओरडलो म्हणून काकांनी ब्रेक मारला. नाहीतर... वायपरनं कडेची काच पुसलीच नाही म्हणे, दिसणार कसं माणसाला? मी तिला म्हटलं, तुमचे काका म्हणून वाचली गं ती, दुसरा कुणी असता तर संपलंच होतं."

आजी बोलत राहिल्या. त्यांचं तोंड कधी दमत नसे. पण डॉक्टरीणबाई स्टुलावरून खाली उतरली. मंगळवार. मंगळवारी तो घरी आला होता, जेवला होता, आमटीत मीठ जास्त झालंय असंही म्हणाला होता. आणि एक बाई मरता मरता वाचली हे मात्र बोलला नव्हता.

"वायपरच आहे हो आजी," ती म्हणाली. "पार झिजलाय. बघा, कसा खडखडतोय." तिनं दांडी आजींना हलवून दाखवली. आजींनी मान डोलावली आणि त्यांच्या जिवात जीव आला. दोघींपैकी निदान एकीच्या तरी आला.

दांडी खालच्या आसावरून निघता निघेना. नट काढला, तेल सोडलं, पाचेक मिनिटं थांबली, मग दोन्ही बाजूंनी थोडं थोडं हलवत, लाकडाच्या ठोकळ्यावरून हलक्या हातानं ठोके देत सोडवली. ती घेऊन मागच्या ओट्यावर गेली. तिथं तिचा वस्तू घट्ट धरायचा शिकंजा बसवलेला होता आणि वर चांगला उजेड होता.

बिजागरीची खीळ ठोकून बाहेर काढली तर ती एका बाजूनं चपटी झालेली. भोक गोल राहिलंच नव्हतं, लांबट झालं होतं. स्प्रिंगही ताणून ताणून सैल पडलेली. एकेक गोष्ट निघत होती आणि तिचा धीर वाढत होता. अहो, एवढं झिजल्यावर कुठला वायपर काच पुसेल? उगाच आपण आठ महिने मनाला घोर लावून घेतला. दिवे खरंच वाईट असतील. शाई खरंच कमी असेल. माणूस साठीला आला की काडी जरा तिरपी व्हायचीच.

तिनं भोक ड्रिलनं पुन्हा गोल करून घेतलं. कारखान्यातल्या एका भंगार मशीनची पोलादी दांडी तिनं कधीतरी जपून ठेवली होती. तिचा तुकडा कापला, कानस मारत मारत मापाला आणला, दोन्ही बाजूंना पातळ पितळी वॉशर घातले. खीळ भोकात सरकली ती अशी, की ना खडखड ना अडखळ. स्प्रिंगचा शेवटचा वेढा कापून तिनं नवा आकडा वळवला. हाताला ताण लागला. छान लागला. काम करताना तिला भीती वाटत नाही, हे एक बरं होतं.

"झालं का गं?" आतून आवाज.

"होतंय, होतंय."

"घाई नाही. सावकाश कर."

घाई नाही म्हणणाऱ्याचा हा चौथा प्रश्न होता.

राहिलं होतं फक्त पुसून तेल लावायचं. तिनं फडक्यानं दांडी पुसली, बिजागरीपासून टोकापर्यंत, आणि मध्यावर तिचं फडकं अडकलं. तिनं दांडी उलटी केली.

खालच्या बाजूला, काळ्या रंगावर, बारीक रेघांच्या दोन ओळी होत्या. रंग उडून आतलं लोखंड पांढरं चमकत होतं. दांडी तिथंच जराशी पिळलेली होती. फार नाही, गव्हाच्या दाण्याएवढी. पण एवढ्या पिळानं रबरपट्टीचं टोक कडेला काचेपासून उचललं जातं, हे कुणीही सांगेल.

झीज अशी नसते. झिजेला वर्षं लागतात, ती गुळगुळीत असते, काळवंडलेली असते. हे ताजं होतं. पाऊस लागूनही गंज धरलेला नव्हता. हे कुणीतरी पकडीत धरून पिळलं होतं.

तिनं ओळी मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. एका ओळीत मध्येच एका रेघेची जागा मोकळी होती. अशी मोकळी जागा सोडणारी पक्कड तिला माहीत होती. कारखान्यात एकदा ती पक्कड वरून पडली होती आणि तिचा एक दात तुटला होता. ती पक्कड तिच्याच पेटीत होती. तिनं ती काढली आणि दांडीवरच्या खुणांवर ठेवली. दाताला दात बसला.

तिनं पक्कड अशी खाली टाकली, जणू चटकाच बसला. पायाखालची जमीन सरकली म्हणतात ते तिला आजवर नुसतं ऐकून माहीत होतं. ओट्याच्या कडेला धरून ती तशीच उभी राहिली. त्याला माहीत होतं. आपल्याला वाटत होतं की त्याला कळत नाहीये, आपणच तेवढ्या शहाण्या. त्याला सगळं माहीत होतं! आणि माहीत असून तो बुधवारी गेला, गुरुवारी गेला, शुक्रवारी गेला. अकरा पोरं घेऊन.

करायचं काय? ओरडायचं? दांडी विहिरीत नेऊन टाकायची? तिनं काय केलं, तर दांडी शिकंज्यात धरली, त्या पिळावर फडकं गुंडाळलं आणि हळूहळू ती सरळ केली. डोळ्यांसमोर धरून बघितली. आणखी केसभर फिरवली. अर्धवट काम सोडायची तिला सवयच नव्हती. शिवाय खरं सांगायचं तर, काम संपेपर्यंत तरी तिला काही बोलावं लागणार नव्हतं.

पण काम संपलं.

तिनं दांडी बसवली, नट आवळला, रबरपट्टी अडकवली, टॉवेल काढला. "या हो," तिनं हाक मारली. "चालवून बघा."

तो आला. व्हॅनच्या अंगावरून हात फिरवत आला. लाडानं हात फिरवायची ही सवय आहे, असं इतके दिवस तिनं स्वतःला सांगितलं होतं. तो सीटवर बसला, किल्ली फिरवली. तिनं बागेच्या नळाची नळी धरून समोरून काचेवर पाणी सोडलं. वायपर उठला आणि एका दमात काच पुसून गेला. कडेपर्यंत. एक थेंब मागं ठेवला नाही. पुन्हा आला, पुन्हा गेला. असा वायपर त्या व्हॅनला नवी असतानासुद्धा नसेल.

"वा वा! आरसा गं, नुसता आरसा!" तो आतून ओरडला.

ती नळीचं तोंड खाली करून व्हॅनच्या कोपऱ्याशी सरकली. बॉनेटच्या कडेला, दिव्याजवळ. छत्रीवाली बाई अशीच कुठंतरी असेल. मध्ये स्वच्छ काच होती, वर लख्ख उजेड होता, आणि दोघांमध्ये दोन हातांचं अंतर.

तो समोर बघून बोलत होता. ती मघाशी जिथं उभी होती तिथं, रिकाम्या जागेशी. "मी म्हटलं नव्हतं, दांडीचंच काम आहे म्हणून? तुझ्या हाताला तोड नाही. आता उद्या पोरांना सांगतो, काकूनं केलंय. ऐकतेस ना?"

तिनं हात वर केला. तो बोलतच राहिला. तिनं हात हलवला. दोन्ही हात हलवले, बुडणारं माणूस हलवतं तसे. नळी खाली पडली आणि पाणी तिच्या पायांवर वाहायला लागलं.

"अगं, बोल की काहीतरी," तो समोरच्या भिंतीला म्हणाला.

तिनं नळ बंद केला. दुसऱ्या बाजूचं दार उघडून ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. या सीटवर ती क्वचितच बसायची. काय म्हणायचं ते तिनं ठरवलं नव्हतं आणि ठरवलं असतं तरी ते आठवलं नसतं.

"माझी पक्कड कधी घेतलीत तुम्ही?"

"कसली पक्कड?"

"दात तुटलेली."

"मी कशाला घेऊ तुझी पक्कड? मला काय कळतं त्यातलं? काहीतरीच तुझं!" त्याचा आवाज चढला. बावीस वर्षं लहान पोरांत काढलेल्या माणसाला धड खोटं बोलता येत नाही. त्यानं वायपर बंद केला, पुन्हा चालू केला. कोरड्या काचेवर रबर किंचाळलं. त्यानं घाईघाईनं बंद केला.

आता मागं फिरायला वाटच नव्हती, आणि तिला इतकी भीती वाटत होती की तिनं मांडीखाली हात दाबून धरले होते.

"मंगळवारी," तो शेवटी म्हणाला. "बेकरीच्या वळणावर..."

"आजींनी सांगितलं."

"मला ती दिसलीच नाही गं. पोरं किंचाळली म्हणून. नाहीतर मी गेलोच असतो तिच्या अंगावरून. ती छत्री बॉनेटला घासली. तिनं वळून मला हात जोडले, बघ. मला! चूक माझी आणि हात तिनं जोडले." तो थांबला. "मग चिमणीनं विचारलं, काका, दिसली नाही का? सगळी गप्प बसली होती. मागं वळून बघायची माझी छाती नव्हती. तोंडातून निघून गेलं, वायपर बिघडलाय गं."

"मग?"

"मग घरी उतरताना ती पुढं आली. काचेजवळ. टाचा उंच करून वायपरला हात लावला आणि म्हणाली, काका, हा तर चांगला आहे." तो वायपरकडं बघत होता. "त्या पोरांशी मी कधी खोटं बोललो नव्हतो. कधीच नाही. रात्री भूतबित कुणी येत नाही म्हटलं तरी ती ऐकतात, कारण काका म्हणतात. मग मी तुझ्या पेटीतली पक्कड घेतली. म्हटलं, निदान ते तरी खरं होऊ दे."

"अहो!" ती ओरडली. समोरच्या पायरीवर आजींनी मान वर केली तशी तिनं आवाज खाली घेतला, पण राग खाली येईना. "तुम्हाला दिसत नव्हतं, आणि काच पुसणारा एक होता तोही तुम्ही वाकवलात? पावसात? आणि पुढचे तीन दिवस पोरं घेऊन गेलात? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"हळू चालवत होतो."

"हळू!"

"वाटलं, तू दुरुस्त करशील. आणि मग कदाचित..." त्यानं वाक्य तिथंच सोडलं. मोठा माणूस, पण चेहरा असा केविलवाणा झाला होता की तिला त्याला मारावंसंही वाटलं आणि पोटाशी धरावंसंही. "तू सगळंच दुरुस्त करतेस ना. दिवे, चष्मा. मला वाटायचं, हिला काही कळलेलं नाही म्हणजे अजून तेवढं काही झालेलं नाही."

तेव्हा तिला रडू फुटलं. तीन दिवे. आठ महिन्यांत तीन दिवे तिनं बदलले होते, आणि पहिला काढला तेव्हाच तिला दिसलं होतं की तो लख्ख जळतोय.

"मला कळलं होतं," ती म्हणाली.

"केव्हा?"

"पहिल्या दिव्याला."

काच इतकी स्वच्छ होती की समोरच्या भिंतीवरची मुंग्यांची रांगही दिसत होती. तिला दिसत होती.

"समोरचं दिसतं गं मला," तो म्हणाला. "अगदी स्पष्ट. कडेचं गेलंय. नळीतून बघितल्यासारखं झालंय. आधी वाटलं, थकलो असेन."

"मोठ्या बाईंना फोन करा," ती म्हणाली. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. उद्या सकाळी सातला अकरा पोरं दप्तरं घेऊन दारांत उभी राहणार होती.

"आत्ता? आज रविवार आहे."

"आत्ता."

"डॉक्टरला दाखवून मग केला तर? समजा थेंब घालून..."

"अहो, आत्ता. नाहीतर मी करते."

तिनं नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला आणि आवाज मोठा केला. वाजत राहिला तोवर तिला वाटत होतं, उचलू नये कुणी. अजूनही वाटत होतं, इतकी ती घाबरली होती.

"हां काका, बोला!" मोठ्या बाईंचा आवाज घरच्या कामातून उठून आल्यासारखा होता. "वायपर झाला का दुरुस्त? पोरं सगळ्यांना सांगत होती."

"झाला बाई. हिनं केला. नव्यासारखा केला." त्याच्या कपाळावर घाम आला होता. "पण दोष वायपरचा नव्हता. मला कडेचं दिसत नाही. मंगळवारी ती बाई मला दिसली नाही, ती त्यामुळं. मी पोरांशी खोटं बोललो. उद्यापासून मी व्हॅन चालवणार नाही. उद्याची काहीतरी सोय करा."

मग मोठ्या बाईंनी विचारलं, अगदी हळू, "कधीपासून दिसत नाही, काका?"

त्यानं तिच्याकडं पूर्ण मान वळवून बघितलं. आता तिला कळलं, तो हल्ली असा मान वळवून का बघतो ते. मंगळवारपासून, असं तो म्हणू शकला असता. तिनं मान हलवली असती तर म्हणालाही असता. मग सगळं त्या एका दिवसापुरतं राहिलं असतं, आणि ती कुठंच नसती.

"आठ महिने," ती फोनजवळ वाकून म्हणाली. "बाई, मी यांची बायको बोलतेय. मला माहीत होतं."

पलीकडून आता "अरे देवा" एवढंच ऐकू आलं. मग मोठ्या बाई म्हणाल्या की त्या सगळ्या पालकांना कळवतात, आणि सकाळी त्यांना भेटायला येतात, दोघांनाही. 'दोघांनाही' हा शब्द त्यांनी वेगळा म्हटला. फोन ठेवल्यावर समोरच्या घरात फोन वाजायला किती वेळ लागेल याचा अंदाज तिनं बांधला. फार लागणार नव्हता. आजी अजून पायरीवर होत्या आणि चिमणी त्यांच्या मागं येऊन उभी राहिली होती, व्हॅनकाकांना हात दाखवत. ती जरा कडेला होती.

"चिमणी हात करतेय," ती म्हणाली.

त्यानं मान वळवली, पोरीला शोधलं, हात वर केला. मग किल्ली काढली आणि ती कुठं ठेवावी ते न सुचून हातातच धरून बसला. "चल, आत जाऊ," तो म्हणाला. "त्यांचा फोन वाजायच्या आत."

ती आधी उतरली आणि फिरून त्याच्या दाराशी आली. आठ महिने ती त्याच्या वाटेतलं सगळं न बोलता बाजूला करत आली होती. स्टूल, चपला, बादली. घरापुढची पायरी काही तिला बाजूला करता येत नव्हती. तिथं तो रोज अडखळायचा आणि ती रोज दुसरीकडं बघायची.

"पायरी आहे," ती म्हणाली.

तो थांबला. हे शब्द या घरात आजवर कुणी बोललं नव्हतं.

"कुठं?" त्यानं विचारलं.